आठ नावांची फिर्याद

पोळ्याच्या दिवशी माझा भाऊ बबन मारुतीच्या देवळासमोर पडला. चार वाजता पडला. सहा वाजता दवाखान्यात मयत ठरला. आठ वाजता मी पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद दिली. फिर्यादीत आठ नावं होती.

एवढा मजकूर लिहायला मला आत्ता दोन दिवस लागले. ती फिर्याद मात्र मी पाऊण तासात लिहिली होती, एकही खाडाखोड न करता. धंद्याचा हात होता.

धंदा अर्जनवीसाचा. हा शब्द निझामाच्या राज्यातून आमच्याकडे राहिला, राज्य गेलं तरी. ज्याला लिहिता येत नाही, किंवा लिहिता येतं पण सरकारला समजेल असं लिहिता येत नाही, त्याच्यासाठी अर्ज, जबाब, फिर्याद लिहून देणारा माणूस म्हणजे अर्जनवीस. कळमनुरीला कचेरीसमोरच्या लिंबाखाली माझं टेबल होतं. एक टाइपरायटर, एक पत्र्याची ट्रंक, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड होता. तो मी मुद्दाम नीट केला नाही. डुगडुगत्या स्टुलावर माणूस लांबण लावत नाही.

लोकांना वाटतं, अर्जनवीस माणसाचं दुःख कागदावर उतरवतो. तसं काही नसतं. दुःख सगळ्यांचं सारखंच असतं आणि ते लिहून कोणाला कलम लागत नाही. अर्जनवीस दुःखातून कलमापुरतं काढून घेतो आणि उरलेलं गिऱ्हाइकाला परत देतो. एकदा औंढ्याकडचा एक गृहस्थ भावकीविरुद्ध फिर्याद लिहून घ्यायला आला. मारणाऱ्यांची नावं त्याने इतक्या सफाईने सांगितली, की मला संशय आला. त्यातला एक जण दोन वर्षांपूर्वीच वारला होता. मी तसं म्हणालो. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "असू द्या की. त्याचीच तर सारी फूस व्हती." मी ते नाव गाळलं. गिऱ्हाईक नाराज झालं, आणि मी त्या दिवशी स्वतःला फार प्रामाणिक माणूस समजलो.

कारण बाकीची नावं मी ठेवली होती. नावं ठेवायचीच असतात, हे आमच्या धंद्यातलं मूळ शिक्षण. भांडण एकाशी झालेलं असो, फिर्यादीत पाचाच्या खाली उतरायचं नाही. पाच जण झाले की कायद्याच्या भाषेत 'गैरकायद्याची मंडळी' तयार होते, आणि एकाने केलेलं सगळ्यांच्या अंगावर येतं. शिवाय कोर्टात दोन-तीन जण सुटतात, म्हणून वर थोडी भर घालायची. ज्या घरातले सगळे पुरुष आत जातात त्या घरात जामिनासाठी धावायला, साक्षीदाराला दम द्यायला आणि औत धरायला कोणी उरत नाही. मग त्या घरच्या बायका समझोत्यासाठी येतात. याला आमच्याकडे फिर्याद 'घट्ट बांधणं' म्हणतात. माझी बांधणी तालुक्यात नावाजलेली होती. 'संगनमत करून, हातात कुऱ्हाडी, काठ्या व लोखंडी गज घेऊन, जिवे मारण्याच्या उद्देशाने' हा परिच्छेद मीच बसवला होता. तो इतका सोयीचा होता की शेजारच्या टेबलावरचा अर्जनवीसही तोच वापरायचा. मी कधी हरकत घेतली नाही. विद्या वाटल्याने वाढते, असा माझा तेव्हा समज होता.

आता पोळ्याकडे येतो.

आमच्या गावात तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार, याला मान म्हणतात. हा मान दोन घराण्यांत पाळीने चालायचा. एक वर्ष आमचं, एक वर्ष किसनच्या घराण्याचं. कोरोनाच्या पहिल्या वर्षी बैल निघाले नाहीत. पाळी आमची होती. पुढच्या वर्षी गावापुढे प्रश्न उभा राहिला, की जो मान मिळालाच नाही तो मिळाला असं धरायचं की नाही. आमचं म्हणणं, पाळी शिल्लक आहे. त्यांचं म्हणणं, वर्ष गेलं तसा मान गेला. प्रश्न घटनात्मक होता. पुढे हे प्रकरण खंडपीठापर्यंत गेलं, पण या एका प्रश्नाचा निकाल कोणी दिला नाही. तो अजून शिल्लक आहे.

दोन्ही जोड्या एकदमच तोरणापाशी आल्या. मी शाळेच्या भिंतीला टेकून उभा होतो, दहा हातांवर. बबनने किसनच्या बैलाची वेसण धरून त्याचं तोंड बाजूला वळवलं. दुसऱ्याच्या बैलाच्या वेसणीला हात घालणं हा आमच्याकडे माणसाच्या कॉलरला हात घालण्यापेक्षा मोठा अपमान. बबनला ते ठाऊक होतं, म्हणूनच त्याने ते केलं. किसनने दोन्ही हातांनी बबनच्या छातीवर धक्का दिला. एकच. बबन मागे गेला, त्याची टाच देवळाच्या पायरीला अडली, आणि तो उताणा पडला. डोकं पायरीच्या कोपऱ्यावर आपटलं. कुऱ्हाड नव्हती, गज नव्हता. पोळ्याला बैलावर चाबूकसुद्धा उगारत नाहीत, काठ्या कुठून येणार?

मग गावात पळापळ झाली. किसनचा चुलतभाऊ दत्ता, त्याचा स्वतःचा टेम्पो होता, तो टेम्पो घेऊन आला. त्यानेच बबनला उचललं. मी मागे बसलो, बबनचं डोकं मांडीवर घेऊन. दत्ताने टेम्पो असा चालवला की एकाही खड्ड्यात बबनचं डोकं हललं नाही. दवाखान्याच्या खिडकीवर नोंद करणाऱ्याने विचारलं, काय झालं. मला बोलता आलं नाही. मी तसा कमी बोलणारा आहे. शाळेत याला शिस्त म्हणायचे. म्हणून दत्ताने सांगितलं: पोळ्यात धक्का लागला, पायरीवर पडला. आणणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा त्याने स्वतःचं नाव सांगितलं आणि सही केली.

दोन तासांनी मी त्याचं नाव फिर्यादीत चौथं घातलं. हातात लोखंडी गज दिला.

घालताना थांबलो नाही असं नाही. आमचे थोरले चुलते आबा ठाण्याच्या ओट्यावर माझ्याशेजारी बसून किसनच्या भावकीची नावं सांगत होते. चौथं नाव आलं तेव्हा मी म्हणालो, "आबा, टेम्पो दत्तानं चालवला."

आबा म्हणाले, "टेम्पो चालवला म्हून त्याची भावकी बदलत असती व्हय?"

याला कायद्यात उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला कोणीतरी आठ माणसं हवीच होती. एका धक्क्याने भाऊ मरतो हे मनाला पटत नव्हतं. एवढ्या धिप्पाड माणसाला मारायला निदान आठ जण लागले असले पाहिजेत. म्हणजे धंद्याची सवय आणि दुःख या दोघांचं त्या दिवशी एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी किसनच्या बाजूनेही उलट फिर्याद आली. तीत आमच्या घरचे सहा जण होते. दुसरा आरोपी मी. जन्मात कोणाला चिमटा न काढलेला मी, त्या फिर्यादीप्रमाणे हातात लोखंडी गज घेऊन, संगनमत करून, जिवे मारण्याच्या उद्देशाने किसनवर धावून गेलो होतो. ती शेजारच्या टेबलावर लिहिली गेली होती. परिच्छेद माझाच होता. स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता.

ती केस पुढे बारगळली. आमची चालली. पोलिसांनी खुनाचं कलम लावलं. आठ जण आत गेले. दत्ता तीन महिने आत होता. तेवढ्यात त्याच्या थोरल्या मुलीची जमलेली सोयरीक मोडली, कारण मुलाकडच्यांना खुनातल्या आरोपीची मुलगी नको होती. गज कोणी दिला याची चौकशी त्यांनी केली नाही.

जिल्ह्याच्या कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा मला काळजी एकाच कागदाची होती. दवाखान्यातली ती नोंद, दत्ताच्या सहीची. कोर्टात दाखल झालेल्या प्रत्येक कागदाला 'निशाणी' म्हणतात आणि नंबर देतात. ही निशाणी एकतीस होती. तिच्या मागच्या पानावर खरं काय ते दीड ओळीत लिहिलेलं होतं. आरोपींच्या वकिलाने ते पान उलटलं असतं तर माझी फिर्याद तिथंच सुटून पडली असती.

त्याने ते उलटलं नाही. त्याला उलटता येतच नव्हतं. कारण आरोपींच्या बाजूनेही कोणीतरी कसबी माणूस बसलेला होता. त्यांचा बचाव असा होता, की त्या दिवशी आठही जण गावात नव्हतेच, ते औंढा नागनाथला दर्शनाला गेले होते. पोळ्याच्या दिवशी, बैल दावणीला सोडून. हे ऐकून न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरातले असावेत. आता जो दत्ता औंढ्याला नागनाथापुढे हात जोडून उभा होता, तो त्याच वेळी बबनला टेम्पोत घालून दवाखान्यात कसा आणणार? तेव्हा आमच्या खोट्याला ते पान नको होतं, त्यांच्या खोट्यालाही नको होतं. खटल्यात दोन्ही बाजूंचं एकमत झालेली ती एकच गोष्ट. दीड वर्ष ते पान आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होतं आणि आम्ही सगळे त्याला वळसा घालून चालत होतो.

माझी उलटतपासणी झाली. वकिलाने विचारलं, जखमीला कोणत्या वाहनाने नेलं. मी म्हणालो, "खाजगी वाहनाने." शपथेवर दिलेलं उत्तर, अक्षर न् अक्षर खरं. कोणाचं वाहन, हा पुढचा प्रश्न तो विचारू शकत नव्हता. त्याचा पक्षकार औंढ्याला होता. आम्ही एकमेकांकडे क्षणभर पाहिलं. त्याने पुढचा मुद्दा घेतला. त्या दिवशी घरी येताना मला त्या उत्तराचा अभिमान वाटला, हे मी लिहून ठेवतो.

निकाल लागला. शवविच्छेदनात जखम एकच निघाली होती, तेव्हा सात जण सुटले. किसनला खुनातून सोडून 'सदोष मनुष्यवधा'खाली सात वर्षं झाली. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो: ठरवून मारलं तर खून. मारायचं नव्हतं, पण आपण करतो त्याने माणूस मरू शकतो हे ठाऊक असूनही केलं, तर सदोष मनुष्यवध. तेव्हा ते तीनशेचार कलम होतं. आता नव्या कायद्यात आकडे बदललेत. माणसं जुन्याच पद्धतीने मरतात.

आमच्या घरी निकालाचा पेढा कोणी वाटला नाही. तोवर बबनच्या बायकोने, मथुराने, घरात एक अक्षरही या खटल्याबद्दल काढलं नव्हतं. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भावजय भासऱ्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं तर माझ्या बायकोकडे पाहून सांगते, आणि माझी बायको तेच मला पुन्हा सांगते, जसं काही मी तीन हातांवर नाहीच. निकालाच्या दिवशी मथुरा माझ्या बायकोला म्हणाली, "त्यान्ला म्हणावं, जेवून घ्या." माझी बायको मला म्हणाली, जेवून घ्या. मी जेवलो.

पुढं काही महिन्यांनी बाजाराच्या दिवशी किसनची आई गयाकाकू लिंबाखाली आली. रांगेत उभी राहिली. तिच्या पुढं वारसनोंदीचा एक, विहिरीच्या वादाचा एक, असे दोघं होते. तिची पाळी आली तेव्हा ती डुगडुगत्या स्टुलावर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. म्हणाली, अपील लिहायचं आहे.

मी म्हणालो, "काकू, अपील वकील लिहितो. हायकोर्टात. अर्जनवीसाचं ते काम न्हाई."

"वकील दिलाय सरकारनं. पोरगं चांगलं हाय. पर त्यो वाचत न्हाई रे नाना. तू वाचतोस. ल्हानपनापून वाचतोस. भज्याचा कागूद सुदिक वाचल्याबिगर फेकत न्हाईस."

मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. तेव्हा ती म्हणाली, "माझ्या लेकानं तुझ्या भावाला ढकललं. न्हाई म्हनत न्हाई म्या. बबन माझ्या अंगनात खेळलाय. पर कुऱ्हाड? आमच्या घरात कुऱ्हाड हाय का, तू बघितली का? सरपन फोडायचं तर शेजाऱ्याची मागून आनतो आमी. सारं तू लिवलंस. आता तूच पूस."

मागच्या रांगेतला माणूस हसला. त्याला वाटलं, म्हातारी लिखाणातली चूक दुरुस्त करून घ्यायला आली आहे. एका अर्थी बरोबरच वाटलं त्याला.

 मी टाइपरायटरवर कागद चढवला, पुन्हा काढला. मग एका कोऱ्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने लिहिलं: 'निशाणी ३१, मागचं पान.' तिला म्हणालो, हे वकिलाला द्या, आणि कोणी दिलं ते सांगू नका. तिने चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाली, "एवढंच?"

चाळीस वर्षांत मी लिहिलेला तो सर्वांत छोटा अर्ज.

आपण हे का केलं, याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस वेगवेगळं दिलं. कधी न्यायाचं, कधी म्हातारीच्या दयेचं. ही दोन्ही उत्तरं माझ्या परिच्छेदांसारखी होती, घट्ट बांधलेली. खरं उत्तर मला टेम्पोत ठाऊक झालं होतं. दत्ता गाडी चालवताना आरशात पाहून दर थोड्या वेळाने विचारत होता, "नाना, श्वास हाय ना?" आणि मी दर वेळी हो म्हणत होतो. शेवटच्या दोन वेळा ते खरं नव्हतं. तरी त्याने गाडी हळू केली नाही.

अपिलाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. त्यांना वाटतं, वरच्या कोर्टात खटला पुन्हा चालतो, साक्षीदार पुन्हा उभे राहतात, कोणीतरी रडतं. तसलं काही होत नाही. अपिलात माणसं जात नाहीत, पानं जातात. खालच्या कोर्टातल्या साक्षी, पंचनामे, निशाण्या एकत्र शिवून त्यांचं एक जाड बाड करतात आणि दोन बाजूंचे वकील त्यातून पानांचे नंबर सांगतात. मेलेला माणूस त्यात दोन-तीन ठिकाणी येतो, 'मयत' म्हणून.

सुनावणीला मी गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. खंडपीठाच्या गावी पहाटेच्या एसटीने उतरलो आणि मागच्या बाकावर बसलो. किसनच्या तरुण वकिलाने सुरुवात माझ्या फिर्यादीपासून केली. तिचं इंग्रजी झालं होतं. माझा परिच्छेद इंग्रजीतसुद्धा दमदार वाटत होता. न्यायमूर्ती ऐकत होते. मग त्यांनी थांबवून विचारलं, आठ हल्लेखोर, दोन कुऱ्हाडी, पाच काठ्या, एक गज, आणि जखम एक? बाकीच्या सात जणांनी काय केलं, हत्यारं धरून उभे राहिले? सरकारी वकील पानं चाळू लागले.

तेव्हा त्या मुलाने निशाणी एकतीस काढायला सांगितली. मागचं पान. न्यायमूर्तींनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, म्हणजे ज्याच्या हातात गज होता, तोच जखमीला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेला? तो तर औंढ्याला होता ना तुमच्या म्हणण्याप्रमाणे? वकील म्हणाला, साहेब, खालच्या कोर्टात आमच्या लोकांनी मूर्खपणा केला. पण घटनेनंतर एका तासात, कोणी कोणाला शिकवण्याआधी, सांगितली गेलेली ही एकच हकिकत आहे. मग न्यायमूर्तींनी विचारलं, ही फिर्याद कोणी लिहिली? वकील म्हणाला, फिर्यादीने स्वतः. तो धंद्याने अर्जनवीस आहे.

कोर्टात थोडं हसू पिकलं. न्यायमूर्तीही हसले. मागच्या बाकावर मीही हसल्यासारखं केलं. सगळे हसत असताना एकट्याने गंभीर बसणं ठीक दिसत नाही.

निकालपत्राची प्रत मी पुढं मिळवली. धक्का एकच, हत्यार नाही, पूर्वतयारी नाही, रागाच्या भरात झालेला प्रकार. म्हणून सदोष मनुष्यवध रद्द, त्याऐवजी जबर दुखापत, आणि आजवर भोगली तेवढी शिक्षा पुरे. किसन सुटला. साडेतीन वर्षांच्या आसपास भरली होती. माझ्याबद्दल एक ओळ आहे: 'फिर्याद सराईत हाताने लिहिलेली दिसते, आणि त्याच कारणाने तिच्यावर विसंबता येत नाही.' चाळीस वर्षांच्या कामाबद्दल सरकारी कागदावर झालेला माझा हा एकमेव उल्लेख. चौकटीत लावावा असं काही दिवस मनात होतं.

किसन सुटल्याची बातमी आबांनी आणली आणि तावातावाने सांगितली. सुप्रीम कोर्टात जाऊ, असंही म्हणाले. आबांना आता दिसत कमी होतं, पण कोर्टाची उतरंड त्यांना पाठ होती. ते गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून माझ्या बायकोला सगळं सांगितलं: दत्ताचं, खाजगी वाहनाचं, चिठ्ठीचं, कोर्टातल्या हसण्याचं. मथुरा चुलीपुढं पाठमोरी बसून भाकरी थापत होती. मला ठाऊक होतं की मी तिलाच सांगतो आहे. तिलाही ठाऊक होतं.

मी थांबलो. माझी बायको तिच्याकडे पाहू लागली. मथुराने तव्यावरची भाकरी काढून ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि मागे न वळता पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली.

"दादा, मी देवळाच्या ओट्यावर व्हते. ओवाळायचं ताट हातात व्हतं माझ्या. एकानं ढकललं. म्या बघितलं. तुमी आठ लिवले तवा मला कोनी इचारलं न्हाई."

मी म्हणालो, "न्हाई इचारलं."

"एकच नाव लिवलं असतं, खरं तेवढंच लिवलं असतं, तर त्या एकाला कोनी हसत हसत सोडलं नसतं. चिठ्ठी दिली ते बरं केलं. पर ती ठाण्यात द्यायची व्हती."

तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली. त्यानंतर ती माझ्याशी थेट बोललेली नाही. तिला जे बोलायचं होतं ते झालं असावं.

खरं लिहिलं असतं तर किसनला जास्त शिक्षा झाली असती का, हे मला सांगता येत नाही. कदाचित याहून कमीच झाली असती. पण ती बबनच्या मरणाची झाली असती. ही जी झाली आणि मग पुसली गेली, ती माझ्या परिच्छेदाची होती. कायद्याच्या एवढ्या सहवासात राहून हा फरक मला एका भाकरी थापणाऱ्या बाईने सांगितला.

दत्ताकडे मी गेलो. उशिरा गेलो, पण गेलो. तो टेम्पोखाली झोपून काहीतरी आवळत होता. माझे पाय ओळखले त्याने. खालूनच म्हणाला, "बसा नाना." मी माफी मागायला शब्द जुळवत होतो. दुसऱ्यांसाठी मी माफीचे कितीतरी अर्ज लिहिले होते, त्यातला एकही आठवेना. शेवटी म्हणालो, दत्ता, तुझं नाव मी घातलं. तो बाहेर आला, हात पुसले, म्हणाला, "आमीबी तुमचं घातलं व्हतं की. तुमच्या हातात गज." मग म्हणाला, "फरक एवढाच, तुमी आमच्या गाडीत बसून आलते." पाणी दिलं त्याने मला. पोरीचं विचारायचं धाडस मला झालं नाही. तिचं लग्न पुढं झालं, असं माझ्या बायकोकडून कळलं. पत्रिका आमच्याकडे आली नव्हती. येण्याचं कारणही नव्हतं.

लिंबाखालचं टेबल मी उचललं. तिथं आता संगणकवाला बसतो. त्याच्याकडे माझा परिच्छेद तयार ठेवलेला आहे. तो फक्त नावं बदलतो. मला ओळखत नाही. एकदा मी त्याच्यामागे उभा राहून पडद्यावर वाचलं. एक खेडूत नावं सांगत होता आणि तो मुलगा बोटं फिरवत विचारत होता, अजून कोणी होतं का, आठवून बघा.

पोळा भरतो. मागच्या खेपेला गावात चार जोड्या होत्या आणि नऊ ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला झूल घालतात, बाशिंग बांधतात. पहिलं कोण जाणार यावर वाद होत नाही. ज्याचा आधी चालू होतो तो आधी जातो.

बबन नाही. त्याच्या जोडीतला एक बैल गेला, एक आहे. मथुरा त्याचं सगळं करते. तोरणाला त्याला नेत नाही, गोठ्यातच ओवाळते. किसन शेतात जातो. रस्त्यात भेटला तर तो खाली पाहतो, मीही पाहतो. फिर्यादीची कार्बन प्रत माझ्या ट्रंकेत आहे. तीत आठ नावं आहेत, आणि खाली सही माझी आहे.